गो, नो-गो

ढिकलेंच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती ती.
साडेचारशे सीसी. एकशे अकरा किलो, पेट्रोल सोडून.
सीट जमिनीपासून नऊशे पंचावन्न.
मी मिलिमीटरमध्येच विचार करते,
सातपूरला गेज-रूममध्ये सतरा वर्षं झाली.

चढून बसले तेव्हा दोन्ही अंगठे टेकले.
टाचा नाहीत.
मखमलाबादची काळी माती आणि मी, मध्ये
बोटभर हवा,
आणि त्या हवेत मला फार बरं वाटलं.

"याआधी काय चालवलंय?"
वडिलांची हंड्रेड. त्र्यंबक रोड, कामावर जाऊन-येऊन.
एकदा सावळघाट, पण डांबरावरून.
"म्हणजे मातीवर नाहीच."
गंगापूर धरणामागच्या गाळात एकदा घसरले होते.
त्याला चालवणं म्हणत नाहीत.

ढिकले विकायला बसलेला माणूस. तरी वरचं बटण काढून
खांद्यातली प्लेट दाखवली, सहा स्क्रू
कातडीखाली ओळीत, मोजता येतील असे.
"गाडी वाईट नाही," म्हणाले, "घाईची आहे.
तुम्ही मनगट फिरवता तेवढंच ऐकत नाही ती,
मनात होतं तेवढं सगळं ऐकते."

सारडा सर्कलच्या मुनाफ मिस्त्रीला सोबत नेलं होतं.
त्याने इंजिनाला कान लावला, स्पोकवर पाना वाजवत गेला,
सगळ्या तारा एका सुरात.
मग मला बाजूला घेऊन, "गाडी चांगली आहे ताई.
तेच टेन्शन आहे."

रामशेजच्या पायथ्याला, आशेवाडीच्या अलीकडे
दगडांचा एक चढ. जास्त नाही, चौदा-पंधरा मीटर.
पहिल्यांदा क्लच सुटला आणि गाडी माझ्याशिवाय गेली.
दुसऱ्यांदा माझ्यासकट.
तिसऱ्यांदा नुसती उभी होते,
अंगठ्याखालचा दगड हलला
आणि आम्ही दोघी आडव्या झालो, सावकाश,
म्हशीने बसावं तशा.
उचलायची रीत मुनाफने दाखवली,
पाठ सीटला टेकवून, पायांनी, मागे मागे चालत.
शेवटी मांड्या थरथरत होत्या
आणि मी हसत होते. हे मला नंतर कळलं,
त्याने न विचारता काढलेल्या फोटोतून.

रात्री झोप नाही.
गेज-रूममध्ये एक साधं हत्यार असतं, बोटाएवढं, दोन टोकांचं.
एक टोक भोकात जायला हवं. गो.
दुसरं जाता कामा नये. नो-गो.
यात मत नसतं, सुपरवायझरचा मूड चालत नाही.
पंख्याखाली पडून मी स्वतःला तपासलं.
वय एकोणचाळीस, गेलं आत.
पगार, हप्ता, घरातली तोंडं, तीही गेली, जरा दाबून.
आखूड पाय, मातीचा अनुभव शून्य,
हे टोक अडायला हवं होतं.
तेही गेलं. सरळ. तेल न लावता.

म्हणजे भोक मोठं झालंय.
हौस साइजच्या बाहेर. लाल खडू, रिजेक्टचा डबा.

पण मोठं झालेलं भोक कोणी लगेच फेकत नाही.
आत बुश बसवतात.
पुढे कधी लागलंच, तर काढता येतो.

रविवारी पुन्हा गेले. चावी मागितली नाही.
कोपऱ्यातले बूट मागितले, गुडघ्यापर्यंतचे, ढिकलेंचे,
दोन नंबर मोठे, डाव्याचं टोक खरवडलेलं.
अठराशेला दिले.
ताडपत्री स्वतःच ओढून घेतली
आणि म्हणाले, दिवाळीपर्यंत तरी जाहिरात टाकत नाही.

आता रोज सकाळी
मोज्यांवर मोजे चढवून वडिलांच्या हंड्रेडवर उभी राहते मी,
म्हसरूळच्या मागे, नांगरून ठेवलेल्या पट्टीत,
गुडघे टाकीला चिकटवून, पहिल्या गिअरमध्ये.
इंजिन बंद पडतं. किक मारते.
बुटांत पाय डुगडुगतात.
शेजारच्या द्राक्षबागेतला फवारणीवाला
पंप थांबवून विचारतो,
"काही हरवलंय का ताई?"

टाचा, मी म्हणते.